ग्रंथालयातील चाळणी आणि मुलांचा हक्क



आज मी आपणांपुढे जो प्रश्न मांडणार आहे, तो वरवर पाहता दूरच्या अमेरिकेतील ग्रंथपालांचा आहे. परंतु ज्यांच्या वाडवडिलांस अक्षराचीच बंदी होती, त्यांनी तरी तो परका मानू नये. सार्वजनिक ग्रंथालयात बसून मूल इंटरनेट पाहते, तेव्हा त्याच्यापुढे काय यावे आणि काय येऊ नये, हे कोणी ठरवावे?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने मुलांच्या इंटरनेट-संरक्षणाचा कायदा संमत केला. अश्लील चित्रे, तसेच १७ वर्षांखालील मुलांस अपायकारक चित्रे अडविणारा फिल्टर, म्हणजे एक चाळणी, ग्रंथालयाने संगणकास बसवावी, असे त्यात सांगितले आहे. पण हा सरसकट हुकूम नव्हे. इंटरनेटसाठी मध्यवर्ती सरकारची सवलत वा अनुदान जे ग्रंथालय घेईल, त्यालाच ही अट आहे.

प्रश्नाचे मर्म येथेच आहे. संपन्न शहराचे ग्रंथालय तो पैसा नाकारून आपला मार्ग आपण ठरवू शकते. गरीब वस्तीच्या ग्रंथालयास ते परवडत नाही. सधन घरचे मूल आपल्या घरच्या संगणकावर वाचते. तेथे काय अडवावे हे त्याचे आईबाप ठरवितात. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याला ग्रंथालय हाच एक दरवाजा. म्हणजे चाळणी सर्वांसाठी म्हणून बसविली, तरी तिचा भार गरिबाच्या मुलावरच अधिक पडतो.

अमेरिकन ग्रंथालय संघाने या कायद्यास आव्हान दिले. २००२ साली फिलाडेल्फिया येथील तीन न्यायाधीशांनी ग्रंथालयांवरील अट घटनाबाह्य ठरविली. फिल्टर हजारो निरुपद्रवी पाने अडवितो आणि अडवावयाची कित्येक सोडून देतो, हे त्यांना पुराव्यावरून दिसून आले. तथापि २३ जून २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा वैध ठरविला. प्रौढ वाचकाने मागताच ग्रंथपाल फिल्टर दूर करू शकतो, या गोष्टीला त्या निकालात मोठे महत्त्व मिळाले. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी मात्र विरोधी मतात एक मार्मिक शंका काढली. काय लपविले आहे हेच वाचकास ठाऊक नसेल, तर ते मागण्यात काही अर्थ आहे की नाही, हे त्याला कळावे कसे?

प्रौढाची ही अडचण, तर मुलाची काय असेल? शरीराविषयी, आजाराविषयी किंवा स्वतःवर होणाऱ्या अत्याचाराविषयी माहिती शोधणारी मुलगी परक्या माणसापुढे जाऊन अमुक पान उघडून द्या, असे म्हणेल काय?

आईबापांची चिंता खोटी आहे, असे मी म्हणत नाही. बीभत्स चित्रांपासून लहान मुलाचे रक्षण झालेच पाहिजे. परंतु यंत्राला विवेक नसतो. कंपनीने संकेतस्थळांचे वर्ग पाडावयाचे, त्यांच्या याद्या धंद्याचे गुपित म्हणून झाकून ठेवावयाच्या आणि त्यावर मुलाचे ज्ञान ठरावयाचे, ही कोठली रीत?

२७ मार्च १९६१ रोजी मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरी टूगलू कॉलेजचे नऊ निग्रो विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या ग्रंथालयात शांतपणे वाचीत बसले, म्हणून त्यांना अटक झाली. तो वर्णद्वेष आणि आजचा फिल्टर एकच, असे मी म्हणणार नाही. पण एक धडा त्यातून घ्यावा. ती बंदी डोळ्यांना दिसत होती, म्हणून तिच्याशी झगडता आले. जी बंदी दिसतच नाही, तिच्याशी झगडावे कसे?

म्हणून माझे म्हणणे असे. लहान मुलांच्या दालनात चित्रांची चाळणी असावी. वाढत्या वयाच्या मुलांसाठी, अडविलेले पान अडविले आहे आणि का, हे पडद्यावर स्पष्ट लिहिलेले असावे. चुकून अडविलेले पान नाव न सांगता, कारण न देता मागण्याची सोय असावी. यादीवर शेवटचा शब्द कंपनीचा नसून ग्रंथपालाचा असावा. आणि अनुदानाच्या दोरीने गरिबाचे ग्रंथालय बांधले जाऊ नये.

मुलांचे रक्षण हे आपले कर्तव्य आहे, तसे त्यांचे ज्ञान हा त्यांचा हक्क आहे. कर्तव्याच्या नावाखाली हक्क हिरावला जाणार नाही, याची दक्षता आईबापांनी घ्यावी. त्यासाठी यंत्रावर विसंबून न राहता मुलाशेजारी बसावे, त्याचे प्रश्न ऐकावे. मुलाने आपल्याला निर्भयपणे विचारावे, यापरते मोठे संरक्षण नाही.