एका लाडवानं मोडलेला नेम



 शंभर वर्षांच्या दिंडीपुढं चौथी शिकलेल्या शेतकऱ्यानं काय बोलावं? कीर्तनात आम्ही दुसऱ्याच्या चुका सांगतो. आज स्वतःची फजिती सांगतो. विषय पोटाचा आहे, म्हणजे सगळ्यांचाच आहे.

सात वर्षांमागं आम्हाला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं. आम्ही देवापुढं बसून नेम केला, गोडाला शिवायचं नाही. तीन महिने पाळलाही. मग वारीत एका पंगतीला वाढप्यानं बुंदीचा लाडू पानात टाकला. पानात पडलेलं टाकायचं कसं? खाल्ला. आणि माउली, तो लाडू घशाखाली उतरला तसं मन म्हणालं, नेम तर मोडलाच, आता एक काय आन् चार काय! चार खाल्ले. रात्री शिराही सोडला नाही. पुढचे चार दिवस असंच. टाचेला चालून फोड आला होता, तो चिघळला. साखर तपासली तर भलतीच वाढलेली. राहिलेली वाट सामानाच्या ट्रकमध्ये बसून काढली. लोक पायी चालले होते आणि आम्ही पोत्यांवर बसलो होतो. ती शरम अजून गेली नाही.

घरी आल्यावर नातीला हे सांगितलं. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकते. म्हणाली, "आजोबा, तुमच्या लाडवाचा प्रयोग अमेरिकेत १९७५ सालीच झालाय."

हर्मन आणि मॅक नावाचे दोघे संशोधक. त्यांनी कॉलेजच्या मुली बोलावल्या. काहींना आधी काहीच दिलं नाही, काहींना एक मिल्कशेक दिला, काहींना दोन. मग पुढं आइस्क्रीम ठेवलं आणि सांगितलं, चव कशी आहे ते सांगा. खरं मोजायचं होतं ते कोण किती खातं हे. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं, सरळ हिशोब. पण ज्या रोज मन मारून खायच्या, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं! त्यांच्याही मनानं तेच म्हटलं असणार, मोडलंच आहे तर मोडू दे.

आम्ही म्हणालो, पोरी, धान्य मोजायला पायली आहे, मापटं आहे. मनाची हाव कशात मोजायची? तिनं सांगितलं, त्यालाही माप आहे. १९८५ साली स्टंकार्ड नावाचे डॉक्टर आणि मेसिक नावाचे संशोधक, दोघे अमेरिकेचेच, त्यांनी ५१ प्रश्नांचा एक कागद तयार केला. त्यातून तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. पहिली, माणूस ठरवून खाण्याला किती आवर घालतो. तिचे २१ गुण. दुसरी, तो आवर किती लवकर सुटतो. दुसरे खाताना बघून, दुःखात, एकटेपणात, नाहीतर एकदा पथ्य मोडल्यावर. तिचे १६. तिसरी, भूक किती लागते. तिचे १४. यात पास-नापास नाही. उत्तर आपलं आपण द्यायचं, म्हणून खोटं बोललं तर माप फुकट.

तिनं एकेक प्रश्न मराठीत करून विचारला. आम्ही माळेला स्मरून खरं सांगितलं. आवर घालण्यात १७ निघाले. आम्ही खूश झालो. आवर सुटण्यात १३ निघाले. मान खाली गेली. आणि भुकेत फक्त ४! म्हणजे सात वर्षं ज्या भुकेला आम्ही शिव्या देत होतो, ती बिचारी चोर नव्हतीच. चोर होता तो आमचा ताठ नेम, जो वाकत नव्हता म्हणून कडकन मोडत होता.

पुढं जर्मनीतल्या वेस्टनहोफर नावाच्या संशोधकानं १९९१ मध्ये हेच दाखवलं. आवर दोन जातीचा असतो, एक ताठ आणि एक लवचिक. "कधीच नाही" म्हणणाऱ्या ताठ माणसाचा आवर जास्त सुटलेला दिसतो. "आज दुपारी थोडं जास्त झालं, रात्री कमी घेऊ" म्हणणाऱ्याचा कमी सुटतो. वादळात बाभळ मोडते, ऊस लवतो आणि पुन्हा उभा राहतो. हे आम्हा शेतकऱ्यांना शिकवायला नको, पण स्वतःच्या पोटाच्या बाबतीत आम्ही बाभळच राहिलो.

आता एकादशीकडं बघा. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण आपल्याच बापजाद्यांनी केली. सकाळपासून उपास आहे, उपास आहे असं घोकायचं आणि दुपारी साबुदाण्याची परात रिकामी करायची. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ पदार्थ, साखरवाल्याच्या अंगात लगेच साखर होतो. वर बटाटा, वर राजगिऱ्याचा लाडू. द्वादशीचं पारणं वेगळंच. व्रत जिभेचं होतं, आपण त्याला फराळाची यादी केली. आम्ही उपासाच्या विरोधात नाही, आम्हीही धरतो. पण गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्यानं डॉक्टरांना विचारूनच धरावा. देव काही वाईट वाटून घेत नाही.

शताब्दीच्या निमित्तानं दिंडीपुढं तीन मागण्या ठेवतो. पंगतीत वाढप्यानं आधी विचारावं, मग वाढावं. नको म्हणणाऱ्याला "एवढा तरी घ्याच" म्हणून आग्रह करू नये. आग्रहात माया असते, पण टाच चिघळते त्याची असते. आणि एखाद्याचा नेम मोडला तर त्याला हसू नये. हसलं की तो लपून खातो.

आम्ही स्वतः काय केलं? नेम बदलला. सणाला अर्धा लाडू खातो, मोजून, सगळ्यांच्या देखत. चुकून एक झाला तर तिथंच थांबतो. एक मोडला म्हणून चार मोडायचे नाहीत, एवढाच आता आमचा नेम. गेल्या वारीला शेवटच्या मुक्कामापर्यंत पायी चाललो, टाच शाबूत राहिली. वाखरीच्या रिंगणात नातीला फोन लावून टाळांचा आवाज ऐकवला.