एक भय, दोन चित्रपट



गाजलेला चित्रपट पुन्हा का काढावा, असे रसिक विचारतात. आणि बहुधा त्याचे उत्तर तिकीटखिडकीवरच मिळते. परंतु ‘केप फिअर’ या अमेरिकन चित्रपटाची दोन रूपे शेजारी ठेवली म्हणजे निराळे उत्तर हाती लागते. पहिले जे. ली थॉम्प्सन यांचे, १९६२ सालचे. दुसरे मार्टिन स्कॉर्सेसी यांचे, १९९१ सालचे.

कथेचा सांगाडा एकच. सॅम बाउडेन हा प्रतिष्ठित वकील. पत्नी, एक मुलगी, नीटनेटका संसार. तुरुंगातून सुटलेला मॅक्स केडी सूड घ्यायला त्याच्या गावी येतो. पण धाक घालणारा माणूस प्रत्यक्ष गुन्हा करीत नाही, तोवर कायदा त्याचे काय करणार? केडीने तुरुंगात कायद्याची पुस्तके वाचली आहेत. रेषा कोठे आहे, हे तो जाणतो. अखेर कायद्याचा उपासक असलेला बाउडेनच भाडोत्री गुंड गाठतो. खरे भय येथे आहे.

आता फरक पाहू. पहिल्या चित्रपटात बाउडेनचा अपराध कोणता? त्याने एका स्त्रीवर झालेला हल्ला पाहिला आणि न्यायालयात खरी साक्ष दिली. दुसऱ्यात तो केडीचाच वकील होता. आपल्या अशिलाला उपयोगी पडेल असा कागद त्याने दडपला. कारण असल्या नराधमाला सूट मिळू नये, असे त्याला वाटले. एवढी एकच गोष्ट बदलली आणि सारी कथा उलटली. पहिल्यात संकट बाहेरून घरात शिरते. दुसऱ्यात त्याचे बीज घरातच असते.

शेवटही पाहा. ग्रेगरी पेकचा बाउडेन केडीला गोळीने जखमी करतो, पण ठार मारत नाही. त्याला पुन्हा तुरुंगाच्या हवाली करतो. निक नोल्टीचा बाउडेन दगड उचलतो. केडीला नदी ओढून नेते, आणि हा आपल्या हातांवरचे रक्त धूत बसतो.

कलादृष्ट्या आम्हांला पहिलाच अधिक आवडतो. रॉबर्ट मिचमचा संथ केडी, रॉबर्ट डी नीरोच्या गोंदलेल्या, गर्जणाऱ्या केडीपेक्षा अधिक काळ मनात राहतो. दुसऱ्याच्या शेवटास भडकपणाही फार. बर्नार्ड हर्मन यांचे मूळ संगीत मात्र एल्मर बर्नस्टाइन यांनी नव्याने बांधून त्यात राखले आहे.

तरीही प्रश्न दुसराच अधिक अवघड विचारतो. त्यात पेक पुन्हा दिसतो, तो केडीचा वकील म्हणून! अपराध्यालाही पुरता बचाव मिळाला पाहिजे, हे तत्त्व आपण सभेत सहज मान्य करतो. पण समोर केडी उभा असताना ते पाळणे कठीण. आणि ते तत्त्व तर अशाच प्रसंगासाठी आहे. सज्जनाने चांगल्या हेतूने मोडलेला नियमही मोडलेलाच असतो, एवढे सांगण्यासाठी जुनी कथा पुन्हा सांगितली, तर ती पुनरावृत्ती सार्थ झाली, असे आम्ही म्हणू.