एका मिनिटाची विद्या
(कर्जत येथील पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आपल्या कर्जत भागात थंडी पडली की घराघरांत लहान मुले खोकू लागतात. बहुतेकांची सर्दी आपोआप बरी होते. पण त्यांतच एखाद्याला न्युमोनिया असतो. आपल्या वडीलधाऱ्या बायका त्याला ‘डबा’ म्हणतात. खोकला दोघांनाही, तापही दोघांना. मग फरक ओळखावा कसा? श्वास मोजून.

1816 साली पॅरिसच्या लेनेक या डॉक्टरने कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावून आवाज ऐकला आणि त्यातूनच स्टेथोस्कोप आला. आज रुग्णाच्या गळ्यावर चिकटवलेले यंत्र श्वासनलिकेतील आवाजावरून श्वास मोजते. हवा आत जाते तो एक आवाज, बाहेर येते तो दुसरा. दोन्ही मिळून श्वास एकच. हे विसरले तर आकडा दुप्पट होतो. शिवाय रडणे, गिळणे यांचेही आवाज त्यात मिसळतात. म्हणून घरी केवळ घरघरीवर विसंबू नका. छाती-पोटाचे वरखाली होणे पाहा.

आपल्याच महाराष्ट्रात याचा धडा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्या माणसांना व दायांना न्युमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. बालमृत्यू घटले, हे निष्कर्ष 1990 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पण कित्येक दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन बनवले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्युमोनिया समजायचा. अक्षरशत्रू समजली जाणारी बाई निदान करू लागली!

मग आपण तर शिकलेले आहोत. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगावरचा कपडा वर करून घड्याळाप्रमाणे पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, सुस्त पडले असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नका. ताबडतोब दवाखान्यात न्या. पोटावर डाग देणे, बिब्बा लावणे यांत मोलाचा वेळ जातो आणि लेकरू भाजते ते वेगळेच.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी जाऊन धाकट्या भावंडाचे श्वास मोजा आणि अम्मीला, दादीलाही शिकवा. शाळेत शिकलेले आकडे एखाद्या रात्री घरातला जीव वाचवतील. शिक्षणाचे याहून मोठे चीज ते कोणते?