कडेचं रोप



संख्याशास्त्राला प्रवेश घेतलेली मुलं दरवर्षी विचारतात, 'सर, ओपन इलेक्टिव्ह कुठलं घेऊ?' २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे हा विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. मग हळूच दुसरा प्रश्न येतो, 'त्यातल्या त्यात सोपं कुठलं?' मला त्याचं फार वाईट वाटतं. का, ते एका शेतात जाऊन सांगतो.

एखाद्या भागात भात किती पिकला हे काढायला पीक कापणी प्रयोग करतात. शेतात दोरीने ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढाच कापायचा, झोडपायचा, तोलायचा. तुकडा लहान असला की काम कमी. पण १९४०च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी दाखवलं, की लहान तुकड्यातून उत्पन्न फुगून येतं. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनमध्ये गणित शिकलेले.

फुगतं ते कडेमुळे. दोरीवरच उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर? भरलेली लोंबी हाताशी आली की माणूस ती आत ओढतो. समजा, चारही बाजूंनी पाच सेंटिमीटरची पट्टी जास्त कापली गेली. तुकडा एक मीटर बाजूचा असेल, तर क्षेत्र १.२१ चौरस मीटर झालं. उत्पन्न २१ टक्के जास्त. तीच पट्टी दहा मीटर बाजूच्या तुकड्यात जेमतेम दोन टक्के वाढवते. गणित शाळेतलं आहे, पण ते सुचायला बांधावर उभं राहून कापणाऱ्याचा हात पाहावा लागतो. आणि असे दहा हजार तुकडे कापले तरी ही चूक जात नाही. कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादांत असेल असं आपण म्हणतो तो पल्ला, अरुंद होत जातो, चुकीच्या आकड्याभोवती!

आज पीक विम्याची भरपाई ठरवताना महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न काढायला याच प्रयोगांचा आधार घेतात. ते आधी ठरलेल्या उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेलं तर शेतकऱ्याला पैसे. कडेची चार रोपं कुणाच्या तरी घरातून पैसे नेऊ शकतात.

सुखात्म्यांनी पुढे आहाराच्या प्रश्नाला हात घातला. माणसाची उष्मांकांची गरज रोज तीच राहते का, हे विचारलं. तेही नुसत्या सूत्रांतून येत नाही. खाण्यावरचा खर्च मोजतानाही तेच. १९९९-२०००च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत घरचा अन्नखर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा, दोन्ही विचारले. एका उत्तराने दुसऱ्यावर किती परिणाम केला, यावर अर्थतज्ज्ञांचे वाद वर्षानुवर्षं चालले. माणसाच्या आठवणीचा तो प्रश्न होता, मानसशास्त्राच्या वर्गातला.

पालक म्हणतात, त्यापेक्षा कोडिंग घेऊ दे. कोडिंग जरूर शिकावं. कौशल्याच्या विषयांचे क्रेडिट त्यासाठी वेगळे ठेवलेत. ओपन इलेक्टिव्हला कृषी अर्थशास्त्र घ्या, मानसशास्त्र घ्या, भूगोल घ्या. आपला आकडा कुणाच्या हातून आणि कुणाच्या तोंडून येतो, हे जिथे कळेल तो विषय घ्या. मात्र अभ्यासक्रम आधी नीट वाचा. त्यात बाहेर पडून माणसांशी बोलावं लागतं का? आठ-दहा पानं स्वतःच्या वाक्यांत लिहावी लागतात का? मराठीत लिहायची मुभा असेल तर मराठीत लिहा. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना वाचून दाखवता येईल.

आणि फॉर्म भरण्याआधी त्या विषयाच्या वर्गात एक तास मागच्या बाकावर बसून या. शिक्षकांना विचारून जा. इतक्या वर्षांत माझ्या वर्गाच्या दारात असं विचारत आलेल्या एकाही मुलाला मी परत पाठवलेलं नाही.