जनावर चप्पल का चघळतं?

गाईने अंगणातली चप्पल चघळली की चपलेचा मालक काठी शोधतो. खरं तर त्याने आधी गव्हाणीत डोकवावं. तिथे बहुतेक वेळा नुसता कडबा असतो आणि कडब्यात स्फुरद अगदी थोडं. पिकाला सुपर फॉस्फेटच्या गोण्या घालणारा माणूस गोठ्यात आला की स्फुरद विसरतो!

दक्षिण आफ्रिकेत फ्रायबर्गजवळच्या माळावर गुरं मेलेल्या जनावरांची हाडं चघळत आणि लुळी पडून मरत. पशुवैद्यक अर्नोल्ड टायलर यांनी 1920च्या सुमारास त्याचा उलगडा केला. गवतात स्फुरद कमी, म्हणून हाडांची ओढ. आणि सडक्या हाडांत बॉट्युलिझमचं विष. हाडांचा भुगा चारल्यावर ती ओढ ओसरली.

जनावराचा सांगाडा म्हणजे घरातली कणगी. लिटरभर दुधातून साधारण सव्वा ग्रॅम कॅल्शियम जातं. दहा लिटरवाली गाय रोज बारा ग्रॅम देऊन टाकते. चाऱ्यातून तेवढी भर पडली नाही की कणगीचं खालचं तोंड उघडतं. बाहेरून कणगी लिंपलेली, उभी. मालक म्हणतो, गाय ठणठणीत आहे. रक्त तपासलं तरी कॅल्शियम बरोबर, कारण कणगीतून रक्ताला शिधा चालूच असतो!

बाकीच्या खनिजांचंही लवकर ध्यानात येत नाही. स्फुरद घटलं की मुका माज, गाय उलटत राहते. जास्त दुधाच्या म्हशीला व्यायल्यावर लाल लघवी होऊ शकते. तांबं घटलं की काळी म्हैस तांबूस दिसू लागते. मग इंजेक्शनासाठी धावपळ.

आणि हे पुन्हा सांगायला हवं: मीठ म्हणजे खनिज मिश्रण नव्हे. मिठाचा खडा टांगला की काम झालं, असं समजणारे गोठे गावोगाव आहेत. पोळ्याला बैलाला पुरणपोळी, आणि दुभत्या गाईला रोजचं पन्नासेक ग्रॅम मिश्रण महाग? व्यायल्यावर एक पिशवी आणायची, ती संपली की विषय संपला. कणगी अशी भरत नाही, बाबांनो.

जीवनसत्त्व 'अ'ची गोष्ट निराळी. महिनोन्महिने हिरवा चारा नसला की यकृतातला साठा संपतो, वासरं तिन्हीसांजेला ठेचकाळतात, काही तर आंधळीच जन्मतात... पण घड्याळ पुढे गेलंय. तूर्त एवढंच: मिश्रण घेताना पिशवीवर कॅल्शियमसोबत स्फुरद, तांबं, जस्त, कोबाल्ट आणि आयोडीनचं प्रमाण छापलंय का ते पाहावं, आणि मीठ, हो, ते वेगळं द्यावं.