एक इंजिन बंद पडले तर?
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



दोन इंजिने असली म्हणजे विमान दुप्पट सुरक्षित, असे आपणांस वाटते. पण उड्डाण करताच एक बंद पडले, तर दुसरे एकाच बाजूने ओढते व विमानाचे नाक बंद इंजिनाकडे वळते. वेग ठराविक मर्यादेखाली गेला, तर सुकाणूलाही ते आवरत नाही, विमान उलटते.

म्हणून प्रशिक्षक सुरक्षित उंचीवर मुद्दाम एक इंजिन मंद करतो. शिकाऊ वैमानिक प्रथम सुकाणूचे पेडल दाबून नाक सरळ करतो, वेग राखतो. ज्या पायावर जोर नाही, त्या बाजूचे इंजिन निकामी. तरीही तो ते लगेच बंद करीत नाही. त्याचा थ्रॉटल हळूच मागे घेऊन पाहतो. काहीच फरक पडला नाही, तरच पुढचे पाऊल.

एवढी खातरजमा कशासाठी? ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेई येथे ट्रान्सएशियाच्या विमानाच्या उजव्या इंजिनाची शक्ती गेली. वैमानिकाने चालू असलेले डावेच बंद केले. ५८ पैकी ४३ जण दगावले.

मित्रांनो, संकटात आधी तोल सांभाळा, मग दोष शोधा, तो पडताळा आणि नंतरच हात चालवा. आणि पालकहो, एका विषयात मुलगी नापास झाली म्हणून तिची शाळाच सोडवणे, हे चालू इंजिन बंद करण्यासारखेच नव्हे काय?