पायाच्या आधींचे कागद

"घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून" ही म्हण ज्या काळीं पडली, त्या काळीं घर बांधणारा आणि घरांत राहणारा हा बहुधा एकच असे. जमीन त्याची, पैसा त्याचा, आणि कांहीं चुकलें तर नुकसानही त्याचेंच. आज पिंपरी-चिंचवडांत किंवा चाकणांत घर या रीतीनें होत नाहीं. जमीन शेतकऱ्याची, बांधणारा विकासक, पैसा कांहीं बँकेचा व पुष्कळसा गिऱ्हाइकाचा, आणि शेवटीं राहावयास जाणारें तें गिऱ्हाईक. म्हणून विकासकापुढें उभ्या राहणाऱ्या कायद्याच्या अडचणी ही त्याच्या एकट्याच्या धंद्याची बाब राहत नाहीं. त्याचें पाऊल चुकलें तर तो दंड भरतो. पण छप्पर दुसऱ्याचें जातें. या अडचणी कोठें उगम पावतात आणि त्या वेळींच कशा ओळखाव्या, एवढाच विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

सर्वसाधारण समजूत अशी कीं, कायद्याचा त्रास विटा चढूं लागल्यावर सुरू होतो. नोटीस येते, काम थांबतें, कोर्टाचा मनाईहुकूम लागतो, म्हणून तसें वाटतें खरें. परंतु यांतील बहुतेक त्रास जमिनीच्या पोटांत आधींपासूनच दडलेला असतो. या भागाचा इतिहासच तसा आहे. १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी पिंपरीस स्थापन झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें आणि भोसरी-चिंचवडच्या माळांवर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढें मोटारींच्या धंद्याबरोबर वस्ती पुणें-नाशिक रस्त्यानें सरकत चाकण, म्हाळुंगे, कुरुळी या गांवांपर्यंत गेली. शेताचे प्लॉट एका उन्हाळ्यांत पाडतां येतात. पण शेताचे कागद इतक्या लवकर बदलत नाहींत.

पहिला कागद सातबाऱ्याचा. सातबाऱ्यावर नांव आहे म्हणजे तो मालक, असें आपण सहज म्हणतों. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यांतील कलम १५७ प्रमाणें ही नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरावयाची असते. 'उलट सिद्ध होईपर्यंत' या तीन शब्दांतच विकासकाच्या निम्म्या डोकेदुखीचें मूळ आहे. नोंद हा सारावसुलीचा पुरावा. ती मालकी निर्माण करीत नाहीं. १९४८ च्या कूळकायद्यानें १ एप्रिल १९५७ या दिवशीं कसणारीं कुळें मालक मानलीं गेलीं; पण त्यांना अशी मिळालेली जमीन विकण्यावर त्याच कायद्याच्या ४३ व्या कलमाचें बंधन राहिलें. जुन्या वतनाच्या जमिनी अटींवर परत मिळाल्या. चिंचवडसारख्या ठिकाणीं देवस्थानच्या इनामांचा इतिहास फार जुना आहे, आणि सार्वजनिक विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवांचून विकतां येत नाहीं. अटींची जमीन उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' या तीन शब्दांत दिसते. ते शब्द वाचावयाचे राहिले कीं दहा मजले चढल्यावर शर्तभंगाचें प्रकरण उभें राहतें.

दुसरी गोष्ट घरांतील माणसांची. महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि मध्यवर्ती कायद्यानें ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलार्जित मिळकतींत जन्मानें मुलाइतकाच हक्क दिला. बाप त्या तारखेस हयात असो वा नसो, मुलीचा हक्क टिकतो, हें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० च्या निकालानें कायम केलें. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्रीला व वाटणीला मात्र या कायद्यानें हात लावलेला नाहीं. आतां पाहा: विकासकाशीं करारनामा करावयास तीन भाऊ आले, सह्या झाल्या, काम निघालें. सासरीं दिलेल्या दोन बहिणींना कोणी विचारलें नाहीं. त्यांनीं वाटणीचा दावा लावला, तर त्यांनीं अडवणूक केली असें म्हणतां येणार नाहीं. त्यांचा वाटा त्यांना न विचारतां विकला गेला, एवढेंच खरें. मात्र पैसे भरून बसलेल्या कुटुंबांना त्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबावें लागतें.

तिसरा पदर सरकारी संपादनाचा. १९७२ सालीं पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण झालें आणि त्यासाठीं मोठ्या प्रमाणावर शेतजमिनी घेण्यांत आल्या. त्यांतील साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न शेतकऱ्यांना पुढें कित्येक वर्षें पुरला. खुद्द प्राधिकरण २०२१ सालीं विलीन झालें. पण त्याच्या कागदांवरचीं बंधनें त्याबरोबर विरघळलीं नाहींत. नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचीही हीच गोष्ट. १९७६ च्या त्या कायद्यानें पुण्यासारख्या शहरांत एका धारकास १००० चौरस मीटरांची मर्यादा घातली होती. महाराष्ट्रांत तो २९ नोव्हेंबर २००७ रोजीं गेला. परंतु कलम २० खालीं ज्या जमिनींना सूट दिली होती, त्या सुटीचे हुकूम जिवंत ठेवूनच गेला. मेलेला कायदाही सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त बसून राहतो, तो असा.

मालकी स्वच्छ असली तरी त्या जमिनीवर बांधतां येईलच असें नाहीं. चाकणच्या परिसरांत कित्येक वर्षें गांवठाणाबाहेरच्या शेतांतही ग्रामपंचायतीचा दाखला म्हणजे परवानगी, असा समज होता. वास्तविक ग्रामपंचायतीचा अधिकार गांवठाणापुरता. बाहेर नियोजनाचा अधिकार दुसऱ्याचा. २०१५ सालीं पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरण झाल्यापासून तरी हा समज सुटावयास हवा होता. दुसरीकडे देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीं १९०३ च्या संरक्षणविषयक कायद्याखालीं २००० यार्डांचा पट्टा आंखलेला आहे. लोक त्यास 'रेड झोन' म्हणतात. तळवडें, निगडी, किवळें या बाजूचा कांहीं भाग त्यांत येतो. तेथें मालकी कितीही निर्वेध असली तरी इमारतीस मोकळीक नाहीं.

आणि शेवटीं नदी. पवना आणि इंद्रायणी या नद्यांना दोन रेषा आंखतात. सरासरीनें २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती निळी, आणि १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल. दोहोंच्या मधल्या पट्ट्यांत, जोतें लाल रेषेच्या पातळीहून उंच घेणें इत्यादि अटींवर, बांधतां येतें. निळ्या रेषेच्या आंत, नदीच्या बाजूस, घर बांधावयाचें नाहीं. चिखलीस इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आंत ३६ बंगले उभे राहिले. जुलै २०२४ मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ते पाडण्याचा आणि पर्यावरणाच्या हानीबद्दल ५ कोटी रुपये वसूल करण्याचा हुकूम दिला. सर्वोच्च न्यायालयानें तो कायम ठेवला, आणि १७ मे २०२५ रोजीं, पावसाळ्याच्या तोंडावर, महानगरपालिकेनें ते सर्व बंगले जमीनदोस्त केले. ज्यांनीं आयुष्याची पुंजी त्या भिंतींत घातली होती, त्यांच्या हातीं राडारोडा राहिला.

या प्रकरणाचा विचार करतांना मनुष्य विचारतो कीं, एवढे बंगले उभे राहीपर्यंत कोणाला दिसलें कसें नाहीं? उत्तर असें कीं, प्रत्येक कचेरीला आपापला तुकडा दिसतो. नोंदणी कार्यालय दस्त नोंदतें. पण विकणाऱ्याची मालकी तपासण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्यास नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२५ मधील एका निकालांत स्पष्ट सांगितलें. मुद्रांक शुल्क भरलें याचा अर्थ सरकारचा कर पोंचला, एवढाच. घरपट्टी अनधिकृत घरालाही लागते, आणि ती भरल्यानें घर अधिकृत होत नाहीं. वीजजोड म्हणजे वीज विकली, परवानगी दिली असें नव्हे. बँकेनें कर्ज दिलें तें आपल्या तारणाचा विचार करून. असे पांच शिक्के एका फाइलींत जमले कीं सामान्य माणसास वाटतें, सरकारनें पसंती दिली. पण या पांचांपैकीं एकाही शिक्क्यानें 'येथें घर बांधण्यास हरकत नाहीं' असें म्हटलेलें नसतें. सगळे तुकडे एकत्र ठेवून पाहण्याचें काम कायद्यानें मुख्यत्वें विकासकाच्या गळ्यांत घातलें आहे, आणि बहुतेक अडचणी तें काम पायाच्या आधीं न करतां मागाहून करण्यानें येतात.

प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर गांठ पडते ती रेराची, म्हणजे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याची. त्याखालीं महाराष्ट्राचें प्राधिकरण मे २०१७ पासून काम करीत आहे. ५०० चौरस मीटरांहून लहान जमीन अथवा आठांपर्यंत सदनिका यांस सूट आहे. बाकीच्यांना नोंदणीवांचून जाहिरातही करतां येत नाहीं. नोंदलेला करार होण्यापूर्वी किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक पैसा घ्यावयाचा नाहीं. आलेल्या पैशापैकीं ७० टक्के निराळ्या खात्यांत ठेवून त्याच जमिनीवर व त्याच बांधकामावर खर्च करावयाचा. मंजूर नकाशांत मोठा फेरफार करावयाचा तर दोन तृतीयांश गिऱ्हाइकांची लेखी संमति हवी. ताबा लांबला तर गिऱ्हाईक पैसे व्याजासह परत मागूं शकतें. जमिनीच्या मालकींत दोष निघून नुकसान झालें, तर भरपाईच्या मागणीस मुदतीच्या कायद्याचा अडसरही येत नाहीं. म्हणजे ज्या बहिणींची आठवण करारनाम्याच्या वेळीं झाली नाहीं, त्यांचा हिशेब विकासकाला वीस वर्षांनींही द्यावा लागेल.

येथें विकासकाची बाजूही ऐकली पाहिजे. नैसर्गिक आपत्तीमुळें मुदत वाढवून मागावयाची, तर त्या यादींत युद्ध, पूर, अवर्षण, आग, चक्रीवादळ, भूकंप व तत्सम निसर्गकोप आहेत. कचेरींत अडकलेल्या फाइलीचा उल्लेख नाहीं. २० हजार चौरस मीटर व त्यावरील बांधकामास २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें पर्यावरणाची पूर्वमंजुरी लागते, आणि तिच्यासाठीं कित्येकदां महिनेच्या महिने वाट पाहावी लागते. मधल्या काळांत बँकेचें व्याज चालू असतें. मुंबई उच्च न्यायालयानें डिसेंबर २०१७ मध्यें रेरा कायदा वैध ठरवितांना, विकासकाच्या हाताबाहेरच्या कारणासाठीं प्रकरणपरत्वें मुदत वाढवितां येईल, असा अर्थ लावला. ही सवलत न्याय्यच आहे. पण सरकारनें घरास मुदत घालावी आणि स्वतःच्या परवानगीस मुदत घालूं नये, हा न्याय एकतर्फी होय. पूररेषा, संरक्षणाचा पट्टा, आरक्षणें आणि वर्ग २ च्या नोंदी जर एकाच नकाशावर, गट नंबर घातला कीं दिसतील अशा ठेवल्या, तर प्रामाणिक विकासकाचे महिने वांचतील आणि अप्रामाणिकास 'आम्हांला ठाऊक नव्हतें' असें म्हणावयास जागा उरणार नाहीं.

शेवटचा कागद भोगवटापत्राचा. तें हातीं येण्यापूर्वी ताबा देणें ही आपल्याकडील जुनी वाईट खोड आहे. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें फर्माविलें कीं, पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहिल्याखेरीज वीज, पाणी व मलवाहिनीचे जोड देऊं नयेत, आणि बँकांनींही तो पाहूनच अशा इमारतीच्या तारणावर कर्ज द्यावें. हा हुकूम मनापासून पाळला गेला, तर मघाशीं सांगितलेल्या पांच शिक्क्यांपैकीं दोहोंना तरी खरा अर्थ येईल.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणी या पट्ट्यांत घर घेण्याच्या विचारांत असतील, तर त्यांनीं नमुना-सदनिकेची फरशी पाहण्यापूर्वी चार प्रश्न विचारावे. सातबारा वर्ग १ चा कीं वर्ग २ चा? करारनाम्यावर घरांतील बहिणींच्या सह्या आहेत काय? मंजुरी कोणत्या प्राधिकरणाची, आणि त्या नकाशावर निळी रेषा कोठून जाते? महारेराचा नोंदणी-क्रमांक कोणता, व त्यांत ताब्याची तारीख कोणती दिली आहे? ज्याचें घर बरोबर आहे असा विकासक या प्रश्नांनीं रागावणार नाहीं. त्यानें तीं उत्तरें पाया खणण्यापूर्वीच एका फाइलींत लावून ठेवलेलीं असतील. ज्याच्याकडे तीं नसतील, त्याला बयाणा देण्याची घाई करूं नये. पवना आणि इंद्रायणी पावसाळ्यांत आपली रेषा स्वतः आंखून दाखवितात. तेवढा एक पावसाळा थांबून पाहिलें तरी पुष्कळ कळेल.